टेबलटॉप साच्यातून निघाला: रंगीत काँक्रीटच्या नोंदी

टेबलटॉप साच्यातून निघालाय. गेरूसारखा लाल रंग या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा आलाय, आणि आधीच्या नमुना फरशीशी शेजारी ठेवून ताडून पाहिला तरी फरक दिसत नाही. माझ्या मते याचं श्रेय रंगापेक्षा पाण्याला जास्त जातं, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

रंग लोह ऑक्साइडचा, सिमेंटच्या वजनाच्या 4 टक्के, म्हणजे 10 किलो पांढऱ्या सिमेंटला 400 ग्रॅम. 10 टक्क्यांच्या पुढे गेलं की रंग फारसा गडद होत नाही, ताकद मात्र घटते. पावडर आधी सुक्या सिमेंटमध्ये मिसळायची आणि दोन्ही मिळून चाळून घ्यायचं, नाहीतर घासताना लाल ठिपके वर येतात. काळा रंग हवा असेल आणि वस्तू उघड्यावर राहणार असेल तर कार्बन ब्लॅकऐवजी काळं लोह ऑक्साइडच घ्या. कार्बनचे कण फार बारीक असतात, पावसाने हळूहळू धुऊन जातात.

आता पाणी. मी सिमेंटच्या 0.42 पट धरलं, म्हणजे 10 किलोला 4.2 लिटर. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. त्यांच्यामुळे तोच रंग फिकट दिसतो. त्यामुळे दोन घाण्यांत (एका वेळी कालवलेल्या मालात) पाणी थोडं जरी इकडेतिकडे झालं तरी सांध्यावर रंगातला फरक उघडा पडतो. यात खरा चकवा वाळूचा. वाळू 5 टक्के ओली असली तर 20 किलो वाळूतून जवळजवळ 1 लिटर पाणी न मोजता आत जातं! म्हणून प्रत्येक घाण्याआधी थोडी वाळू वजन करून तव्यावर सुकवतो, पुन्हा वजन करतो आणि जेवढी घट येईल त्या हिशेबाने पाणी कमी करतो. माल घट्ट वाटला तर सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वाढवायचा, पाणी नाही.

साचा लॅमिनेट लावलेल्या प्लायचा, कोपऱ्यांत सिलिकॉनची बारीक रेघ. दर्शनी बाजू खाली. पहिला पातळ थर ब्रशने दाबून बसवला, मग उरलेला माल भरून साच्याच्या कडांवर रबरी हातोडीने ठोकत राहिलो, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. वर प्लास्टिक झाकलं, पण पट्ट्यांवर उचलून. प्लास्टिक जिथे टेकतं तिथे गडद डाग उठतो आणि तो सहजासहजी जात नाही.

मोझॅकसाठी संगमरवरी चिप्स मालातच होत्या. घासाईला 50 नंबरच्या डायमंड पॅडने सुरुवात केली (नंबर जितका मोठा, तितकं पॅड बारीक). चिप्सची तोंडं उघडली की त्याच सिमेंट-रंगाची लापशी छिद्रांत भरायची, सुकू द्यायची आणि मग 100, 200, 400, 800 असं चढत जायचं. इथे घाई नको. 50 चा ओरखडा 100 ने पूर्ण गेला नसेल तर 400 ला तो आणखी ठळक दिसतो. प्रत्येक नंबरनंतर पृष्ठभाग पुसून सुकवायचा आणि दिवा तिरका धरून पाहायचं. घासाई नेहमी ओलीच करा. सुकी सिलिका धूळ फुप्फुसात कायमची बसते, त्यामुळे मास्क हवाच. पाणी आणि वीज एकत्र येतात, म्हणून ग्राइंडर अर्थ लीकेज ब्रेकरवर (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) लावा. हातमोजे तर माल कालवण्यापासूनच घाला, कारण ओल्या सिमेंटचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणजे ते त्वचा भाजण्याइतकं अल्कधर्मी असतं.

सीलर, म्हणजे वरचा संरक्षक लेप, आत्ता लावणार नाही. ओल आत अडकली की अ‍ॅक्रिलिक सीलरखाली पांढुरका धूसरपणा येतो. 28 दिवस होऊ देतोय. मधल्या काळात क्षार फुटून पांढरी झाक आलीच तर आधी कोरड्या ब्रशने झटकून पाहीन. सीलर दोन पातळ हातांत लावायचा. तरीही लिंबू-व्हिनेगर सांडलं की लगेच पुसावं लागेल, आम्ल सिमेंट खातंच.

पुढचं काम ठशांची फरशी, म्हणजे ओल्या काँक्रीटवर नक्षीचा ठसा उमटवलेली. तिथे वर सुटलेलं पाणी पूर्ण आटेपर्यंत थापी लावायची नाही. ते पाणी घोटून आत दाबलं की वरचा थर कच्चा राहतो, पुढे त्याची भुकटी निघते. अंगठा दाबून साधारण 5 मिमी खळगा पडला आणि माल बोटाला चिकटला नाही की ठसा मारायला घ्यायचा. ऊन असेल तर ही वेळ फार थोडी मिळते, म्हणून पहिली फरशी लहान आणि सावलीतच ओतणार आहे.