ताट तेच, घाम थांबला

बुधवार, रात्री साडेनऊ

कबड्डी सुटते, पण कबड्डीची भूक सुटत नाही. रोज दोन तास चढाई-पकडीत घाम गाळणाऱ्या गड्याला चार भाकरी लागायच्या. तोच गडी आता वावरातही मोटारसायकलनं जातो, आणि ताटात भाकरी चारच. वजन महिन्याला पाव-अर्धा किलोनं चढतं, म्हणून घरात कुणाला दिसत नाही. पँटच्या हुकाला आधी कळतं.

सराव थांबला की मांड्या-खांदे उतरतात आणि पोट वाढतं. त्यामुळे नुसत्या काट्यावर विसंबू नये. शिलाईची टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट न आवळता माप घ्यावं. पुरुषाचं 90 सेंमीच्या वर, बाईचं 80 च्या वर गेलं, तर थांबायला नको. वजन रविवारी सकाळी, चहाआधी. रोज करू नये. पाण्या-मिठानंच काटा किलोभर हलतो.

पाहुण्यांसमोर पोटावरून चेष्टा तर कधीच नको. ज्याची ओळखच अंगकाठीवर होती, त्याला ती फार आत लागते. त्यापेक्षा "मी फिरायला निघाली, माझ्यासंग येता का?" एवढं पुरे.

भाकरीवर आधी घाव घालतात, ही चूक. उपाशी ठेवलेला माणूस फाट्यावर आलूबोंडा खातो. खरी गोम तर्रीत आहे. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे 15 मिलीत, सुमारे 120 कॅलरी. माणशी दिवसाला चार छोटे चमचे धरून सकाळीच वाटीत तेल काढून ठेवावं; वाटी संपली की संपली. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे आणखी 200 कॅलरी. भाकरी चाराची तीन करायची, पण वरण घट्ट हवं, सोबत भिजवलेले हरभरे किंवा दोन अंडी.

जुना खेळाडू पहिल्याच दिवशी जुन्या वेगानं पळतो. दम लवकर परत येतो, टाचेची शीर आणि गुडघे येत नाहीत. तिथंच दुखापत होते. दोन आठवडे अर्धा तास नुसतं चालावं. मग दिवसाआड दहा-दहा बैठका तीनदा, आठवड्याला दोन-तीन वाढवत. वजनगटासाठी स्वेटर घालून पळायची, पाणी तोडायची जुनी युक्ती मात्र साफ बंद. त्यानं उतरतं ते पाणीच, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती जिवावर बेतेल. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत निघावं.

मोठ्यानं घोरणं आणि दिवसा पेंग, सारखी तहान, चालताना छातीत दडपण: यातलं काही दिसलं तर व्यायामाआधी बीपी आणि साखर तपासून घ्यावी. छातीच्या दडपणाला उशीर नको, त्याच दिवशी दवाखाना.

नव्वद किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत चार-पाच किलो उतरले तरी खूप. संध्याकाळी पोरांच्या सरावाला, मैदानाच्या रेषांवर फक्की मारायला त्याला बोलावणं यावं, एवढं मात्र जमवावं. हातात शिट्टी आली की तो बाजेवर बसून राहत नाही.