ऑटोमॅटिक का घेतली, तर…

गेले चौदा महिने जो भेटतो तो हेच विचारतो. रंग छान आहे, डिकी मोठी आहे, हे एका दमात उरकायचं आणि मग आवाज खाली आणून, जणू मी घर गहाण टाकलंय अशा सुरात, "पण ऑटोमॅटिक का घेतलीस? तू?" त्या 'तू'मध्ये सगळं आलं. एकोणीस वर्षं मी गिअरची गाडी चालवली आणि त्या एकोणीस वर्षांत ऑटोमॅटिकवाल्यांची यथेच्छ टिंगल केली. त्यामुळे हा प्रश्न मला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मान्य.

आतापर्यंत माणूस बघून उत्तरं दिली. कुणाला ट्रॅफिकचं, कुणाला नवऱ्याच्या पाठदुखीचं. मामेभावाला नुसतंच "आवडली, घेतली". यातलं एकही खोटं नाही. पण यातल्या एकाही कारणासाठी ही गाडी घेतलेली नाही.

मायलेजचं आधी निकालात काढते, कारण त्याशिवाय काही जण पुढचं वाचणार नाहीत. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या इंधन जास्त प्यायच्या, कारण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचऐवजी तेल घुसळणारा टॉर्क कन्व्हर्टर असायचा आणि त्या घुसळण्यात ताकद वाया जायची. पुढे तो ठराविक वेगानंतर घट्ट जोडला जाईल अशी सोय आली, गिअरही वाढले, आणि आता फरक फारसा उरलेला नाही. आणि हे नवं खूळ म्हणाल तर तेही नाही. जनरल मोटर्सनं 1940च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, तेव्हा माझे बाबा जन्मलेही नव्हते.

गाडी बघायला गेलो तेव्हा आईला मुद्दाम मागे बसवायचे. आई हे माझं मोजमापाचं यंत्र. ऑटोमॅटिकमध्येही प्रकार असतात. एएमटी म्हणजे गिअरची साधीच गाडी, फक्त क्लच आणि गिअर मोटर हलवते. तिच्यात गिअर बदलताना आईची मान दर वेळी पुढे झुकायची, देवळात गेल्यासारखी. सीव्हीटीमध्ये पायऱ्याच नसतात, पट्टा दोन पुल्यांवर सरकत राहतो. त्यात तिची मान स्थिर, पण "हे इंजिन एवढं ओरडतंय आणि गाडी का पळत नाहीये?" असा प्रश्न. शेवटी टॉर्क कन्व्हर्टरवालीत ती चक्क झोपली. ती घेतली.

तर खरं कारण. बाबांचा डावा गुडघा.

चार वर्षांपूर्वी कुरकुरायला लागला, मग आतली गादी झिजल्याचं कळलं. क्लच दाबला की कळ यायची. जगात कुठेही जा, स्टिअरिंग गाडीच्या डाव्या बाजूला असो की उजव्या, क्लच डाव्याच पायाला असतो. उजवा पाय ठणठणीत. एक दिवस बाबांनी घरी येऊन किल्ली खुंटीला लावली आणि नंतर ती काढली नाही. बोलले काहीच नाहीत. आधी "आज तू घे" म्हणायचे, मग तेही म्हणेनासे झाले. सरळ पलीकडच्या दाराशी जाऊन उभे राहायचे.

हे ज्या माणसाबद्दल चाललंय त्यानं मला गाडी शिकवली. चढावर गाडी उभी करायची, मागच्या चाकाला लागून रिकामी काडेपेटी ठेवायची आणि काडेपेटी न चेपता गाडी पुढे काढायची. तीन दिवसांत मी अकरा काडेपेट्या चेपल्या. "क्लच ज्याला कळला नाही त्याला गाडी कळली नाही," हे त्यांचंच वाक्य. मी ते पुढे माझं म्हणून दहा ठिकाणी फेकलं. तुमच्यापैकी काहींनी ते माझ्याच तोंडून ऐकलंय आणि आता मलाच ऐकवता. ऐकवा.

गाडी घरी आली, दोन किल्ल्या मिळाल्या. दुसरी मी बाबांच्या हातात ठेवली. म्हटलं, "बाबा, यात क्लच नाही." त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि शर्टाच्या खिशात टाकली. इतकंच.

तिसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं एका रिकाम्या मैदानावर गेलो. बाबा बूट घालून आले होते, पॉलिश केलेले. चपला घालून स्टिअरिंगवर बसायचं नाही हा त्यांचा नियम; गुडघा दुखायला लागल्यापासून बूट कपाटातच होते. बसल्यावर त्यांनी तोच क्रम केला जो मला शिकवला होता: सीट, आरसे, पट्टा. मग हातरुमाल काढून स्टिअरिंग पुसलं. "किल्ली कुठे घालू?" म्हणाले. मी बटण दाखवलं. ब्रेक दाबून बटण, ब्रेक दाबूनच लिव्हर पीवरून, म्हणजे पार्किंगवरून, डीवर, म्हणजे ड्राइव्हवर.

ब्रेक सोडला आणि गाडी आपली आपण चालायला लागली, माणसाच्या चालीनं. बाबा हसले. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "बैलासारखी आहे ही, म्हणावं लागत नाही." एक फेरी झाली, दुसरी झाली. मी मोबाइल काढून फोटोसुद्धा घेतला. तो अजून आहे.

आणि मग मी म्हटलं, "बाबा, आता जरा वेग घ्या की."

पुढचं सगळं मिळून सहा-सात सेकंदांचं असेल. बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला. आवाज त्या उंचीला पोचला की गिअर बदलायचा, हे त्यांच्या कानाला चाळीस वर्षांपासून ठाऊक. कानानं सांगितलं आणि डाव्या पायानं ऐकलं. तो उठला आणि क्लच दाबावा तसा पार तळापर्यंत खाली गेला. तिथे क्लच नसतो. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकचं पेडल ऐसपैस असतं, डाव्या पायालाही सहज सापडतं. गाडी जागच्या जागी थटली. मी पट्ट्यावर आदळले, मोबाइल खाली गेला. बाबा दचकले, डावा पाय निसटला, आणि त्यांनी उजव्या पायानं पूर्ण जोर लावून ब्रेक दाबला.

म्हणजे त्यांना वाटलं, ब्रेक.

गाडीनं उसळी मारली. समोर मैदानाची भिंत. मी "पाय काढा, पाय काढा" ओरडतेय, आणि त्यांचा पाय अजूनच दाबला जातोय, कारण त्यांच्या हिशेबी ब्रेक लागत नव्हता. मग ब्रेक लागत नसेल तर माणूस काय करणार, आणखी जोरात दाबणार. मी लिव्हर ढकलून एनवर, म्हणजे न्यूट्रलवर नेली. इंजिन किंचाळायला लागलं पण चाकांची ताकद सुटली. त्या किंचाळण्यानं असेल, पाय उचलला गेला, ब्रेकवर आला. भिंत दोन हातांवर होती. तिच्यावर कुणीतरी खडूनं तीन स्टंप काढलेले होते.

काहीही झालं नाही. ओरखडा नाही, खरचटलं नाही. एवढ्यासाठी हा सगळा पसारा का मांडतेय असं वाटत असेल, तर अजून एक वाक्य राहिलंय.

बाबा पायांकडे बघत होते. म्हणाले, "मी ब्रेकच दाबला होता."

मी म्हणाले, "नाही बाबा. ॲक्सिलरेटर होता."

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तसं असेल."

माझ्या बाबांनी 'तसं असेल' हे शब्द आयुष्यात वापरलेले मी ऐकले नव्हते. हवामान खात्याशीसुद्धा वाद घालणारा माणूस. त्यांनी पट्टा काढला, उतरले, बॉनेटला वळसा घालून पलीकडच्या दाराशी आले आणि मी बाहेर पडायची वाट बघत उभे राहिले. घरी आल्यावर दुसरी किल्ली टेबलाच्या खणात ठेवली.

मी बरोबर होते. पण तेव्हाच, त्या भिंतीसमोर, बरोबर असायची काय घाई होती? यावर मी स्वतःशी बरेच महिने भांडतेय. एक मी म्हणते, सांगायलाच हवं होतं, उद्या रस्त्यावर कुणी मूल असतं तर? दुसरी म्हणते, सांग की, पण संध्याकाळी सांग, चहा झाल्यावर. पहिली म्हणते, संध्याकाळी तू सांगितलं नसतंस. तेही खरं.

याहून अडचणीची गोष्ट वेगळीच आहे. गाडी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः हेच केलं होतं. सिग्नल जवळ आला, डावा पाय सवयीनं क्लचला गेला, गाडी थटली आणि लेकाची पाण्याची बाटली मागच्या सीटवरून पार डॅशबोर्डपर्यंत आली. मागचा माणूस हॉर्न वाजवून वाजवून दमला. त्यानंतर आठवडाभर मी डावी टाच सीटच्या बुडाशी ओढून, जवळजवळ बांधल्यासारखी ठेवत होते. म्हणजे मला माहीत होतं. मैदानावर पहिल्या मिनिटाला एवढंच सांगायचं होतं: बाबा, डावा पाय मागे घ्या. जीभ रेटली नाही. ज्यानं काडेपेट्या ठेवून शिकवलं त्याला पाय कुठे ठेवायचा हे मी काय सांगणार, असं वाटलं. आदर होता, की मला फक्त त्यांचं ते हसणं बिघडवायचं नव्हतं, कोण जाणे.

नंतर मी यावर बरंच वाचलं. 1980च्या दशकात अमेरिकेत ऑडी 5000 या ऑटोमॅटिक गाडीबद्दल तक्रारींचा पूर आला होता, की ब्रेक दाबला तरी गाडी आपोआप सुसाट सुटते. सरकारी वाहतूक सुरक्षा खात्यानं 1989 साली अहवाल दिला: बहुतेक घटनांत चालकाचा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर पडला होता. लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना मनापासून ब्रेकच वाटला होता. ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर पीवरून हलत नाही ही जी सोय आज सगळीकडे दिसते, ती रुळली त्यात या प्रकरणाचा मोठा हात आहे. हे मी बाबांना अगदी उत्साहानं सांगितलं. म्हणजे बघा, तुम्ही एकटे नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण त्या गाड्या नीट तपासल्या होत्या ना?"

मला इतकं बरं वाटलं!

आता तुमच्यातले काही म्हणतील, मग पुन्हा न्यायचं मैदानावर, चार रविवारांत सवय झाली असती. मी विचारलं, तीनदा. पहिल्यांदा ऊन होतं, दुसऱ्यांदा पाहुणे येणार होते, तिसऱ्यांदा ते नुसतंच "बघू" म्हणाले. आणि आई, जी चांगल्या गाडीत झोपते, ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यांनी कधी मागितली होती का गं गाडी?"

नव्हती मागितली. हे मला कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. किल्ली खुंटीला लावली त्या दिवशी त्यांना कदाचित हायसंच वाटलं असेल. मी मात्र त्यांच्या गुडघ्याभोवती अख्खी गाडी विकत घेतली. आणि अगदी खरं सांगायचं तर चाळिशी ओलांडल्यावर तासभराच्या कोंडीत माझाही डावा पाय भरून यायचा, फक्त मी तसं म्हणत नव्हते, कारण 'क्लच ज्याला कळला नाही' वगैरे. बाबांचं निमित्त मिळालं आणि मी ते घेतलं, असंही असू शकेल. टक्केवारी मागू नका.

गाडीची मला सवय झालीय. डावा पाय आता निमूट बाजूच्या पायटेकणीवर बसतो. फक्त नवऱ्याची गिअरची गाडी घेतली की पहिल्या सिग्नलला मी क्लच दाबायचं विसरते आणि गाडी ठसका देऊन बंद पडते. यावर काय बोलायचं ते बोलून घ्या.

बाबा शेजारी बसतात. त्यांच्या बाजूची चटई डावीकडे, टाचेपाशी, घासून गुळगुळीत झालीय; गाडी धुताना लक्षात आलं. घाटात चढ लागला आणि इंजिन जरा दमलं की चटईवर बुटाचा आवाज येतो आणि बाबा खिडकीबाहेर बघत म्हणतात, "सेकंड टाक."

"टाकला," मी म्हणते. गिअर तोवर गाडीनंच बदललेला असतो.