कोयता घरात आहे, मग चाकू कसला घ्यायचा?

सातपुड्यात भटकायला निघालेल्या पोरांच्या कमरेला हल्ली चाकूचा एक नमुना हमखास दिसतो. सहा मिलिमीटर जाडीचं काळं पातं, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मूठ आणि मुठीच्या बुडाशी होकायंत्र. दिसायला दणकट. पण त्याने कांदा चिरायला घेतला तर कांदा चिरत नाही, फुटतो. काडी सोलायला घेतली तर पातं लाकडात शिरण्याऐवजी वरूनच सटकतं. पोकळ मुठीचा चाकू तर सरळ बाजूला ठेवा. पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं आणि पहिल्या जोरदार ठोक्याला तिथूनच तुटतं.

चूक जाडीपासून सुरू होते. जाड पात्याच्या चाकूची कल्पना अशा माणसासाठी आहे, ज्याच्याकडे दुसरं काहीच हत्यार नाही. खान्देशात तसं कुणाचं असतं? फांदी तोडायला कोयता आहे, लाकूड फोडायला कुऱ्हाड आहे, गवताला विळा आहे. शेतातून निघालेल्या गाडीत यांतलं एखादं तरी पडलेलं असतंच. मग चाकूकडे उरतं ते बारीक काम: दोर कापणं, खुंटीला टोक काढणं, चूल पेटवायला ढलप्या काढणं, भरताची वांगी-मिरची चिरणं, मासा साफ करणं. त्यासाठी पातं ४ ते साडेचार इंच लांब आणि पाठीकडे ३ ते साडेतीन मिलिमीटर जाड असलं की पुरे. स्वीडनच्या मोरा कंपनीचा साधा कंपॅनियन चाकू अडीच मिलिमीटरचाच आहे आणि लाकडात तो भल्याभल्या जाड चाकूंना मागे टाकतो. त्याचा टँग, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, मात्र मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही. ठोकून लाकूड फोडायचं असेल तर त्यांचाच गारबर्ग घ्यावा: फुल टँग, म्हणजे मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला, आणि जाडी ३.२ मिलिमीटर.

पाठीच्या जाडीपेक्षाही महत्त्वाची असते धारेच्या लगेच मागची जाडी. जाडी मोजायचं व्हर्नियर असेल तर धार जिथे सुरू होते त्याच्या जरासं वर मोजा. अर्धा मिलिमीटरच्या आसपास असेल तर चाकू कापेल. एक मिलिमीटर भरला तर तुम्ही पाचर विकत घेतलीय. ही मोजणी जाहिरातीत बहुधा दिलेली नसते.

पोलादाच्या नावावरून लोक तासन्‌तास वाद घालतात. थोडक्यात सांगायचं तर १०९५ हे साधं कार्बन पोलाद. धार पटकन लागते, पण घामानेही गंजतं. १४सी२८एन स्टेनलेस आहे, धार लावायलाही सोपं आणि आपल्या पावसाळ्यासाठी उत्तम. डी-२ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम. धार खूप टिकते, पण क्रोमियमचा बराच भाग कार्बनसोबत कार्बाइडच्या कडक कणांमध्ये अडकतो, म्हणून ते पूर्ण स्टेनलेस ठरत नाही, शिवाय साध्या दगडावर धार लावताना घाम काढतं. पण लोहाराला विचारा, तो नाव नाही विचारणार. तो विचारेल, पाणी कसं बसलंय, म्हणजे तापवून झटकन थंड केल्यावर पोलाद किती कडक झालंय? तेच खरं. उत्तम पोलादाला पाणी चुकीचं दिलं तर ते पत्र्यासारखं वाकतं नाहीतर काचेसारखं तुटतं.

लोहाराकडून करून घ्यायचा असेल तर ट्रकचा कमानपाटा हा चांगला माल आहे. स्प्रिंगचं पोलाद, साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन, चिवट. मात्र वापरलेल्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात. पाटे बसवणाऱ्या दुकानातून नव्या पाट्याचा उरलेला तुकडा मिळाला तर तोच न्यावा. पाणी द्यायला कोमट तेल वापरायला सांगा. थंड पाण्यात बुडवलं तर पातळ पातं तडकतं. त्यानंतर २०० अंशांना दोन-दोन तास दोनदा तापवून ठिसूळपणा काढावा लागतो. घरच्या ओव्हनमध्येही हे जमतं, आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. पाणी बसलं का हे पाहायला धारेवरून कानस हलकेच फिरवा. कानस घसरली तर बसलं. लोखंड खात सुटली तर नाही बसलं.

मुठीबद्दल एकच सांगतो, उन्हाळ्याचा विचार करून घ्या. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो. बंद गाडीत राहिलेल्या चाकूची स्वस्त रबरी मूठ चिकट होते आणि घामेजल्या हातात फिरते. मायकार्टा (राळेत दाबून घट्ट केलेलं कापड) किंवा खरखरीत ठेवलेलं शिसम बरं. मूठ आणि पातं जिथे मिळतात तिथे टँगला आतून काटकोनी खाच नको, गोलाई हवी. चाकू मोडतात ते बहुतेक त्याच कोपऱ्यातून.

चाकू हातात आला की आधी काहीही कापू नका. धार वर करून, एक डोळा मिटून टोकाकडे बघा, पातं सरळ आहे का ते कळेल. मग उजेडाखाली धार डोळ्यांसमोर धरा. चांगली धार दिसत नाही. जिथे चकाकणारा ठिपका किंवा रेघ दिसते तिथे ती बोथट आहे. म्यानात घालून उलटा करून झटका द्या, खाली पडला तर म्यान बदला. म्यानाच्या तळाशी पाणी निथळायला भोक हवं.

आता आपल्याकडची सगळ्यात स्वस्त चाचणी. कापसाचं बोंड घ्या, सरकी काढा आणि मोकळा पेळू धारेवरून मुठीकडून टोकाकडे अलगद ओढा. जिथे बारीकसा खवला निघालाय किंवा धार एका बाजूला वळलीय, तिथे तंतू अडकून राहतो. बोटाला जाणवत नाही ते कापसाला जाणवतं. प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर हेच करायचं, म्हणजे कुठल्या कामाने धार गेली ते कळतं.

पाण्याची खरी परीक्षा पितळी सळईवर होते. सहा मिलिमीटरची सळई टेबलावर घट्ट बसवा. पात्याला धार ज्या कोनात आहे त्याच कोनात ते सळईवर टेकवा आणि जोर द्या. उन्हात बघितलं तर सळईवर टेकलेली धार किंचित फुगलेली दिसते. तेवढाच जोर. उचलल्यावर फुगवटा गेला तर पाणी योग्य. तसाच राहिला तर पोलाद मऊ. कपची उडाली तर फार कडक. डोळ्यांवर चष्मा हवाच.

लाकडाकडे वळू. कडुनिंबाची किंवा सुबाभळीची मनगटाएवढी वाळलेली काठी घ्या. वाळलेल्या बाभळीपासून सुरुवात करू नका, ती चांगल्या चाकूलाही दमवते. पातं काठीच्या टोकावर आडवं ठेवा, दुसऱ्या लाकडाने पाठीवर ठोका आणि पातं आत गेलं की बाहेर आलेल्या टोकावर ठोकत राहा. टोकाकडचा किमान एक इंच बाहेर राहायला हवा, म्हणजे साडेचार इंची पात्याने तीन इंचांपेक्षा जाड लाकूड फोडायचंच नाही. गाठ लागली की थांबा. पातं अडकलं तर मूठ वरखाली हलवू नका, टँगवर सगळा ताण तिथेच येतो. दाते असलेली पाठ इथे उघडी पडते: ठोकायचं लाकूडच कुरतडलं जातं. झाल्यावर मुठीवर नखाने टकटक करा. आवाज आधीपेक्षा पोकळ आला तर आत काहीतरी सुटलंय.

फोडलेल्या फाकीवर काडीचा पिसारा काढा: पातं कमी कोनात ठेवून पातळ, गुंडाळत जाणाऱ्या ढलप्या, त्या काडीपासून सुटू न देता. इथेच जाड पातं हरतं. ढलपी गुंडाळण्याऐवजी तुटून पडली तर धारेमागची जाडी जास्त आहे, किंवा कोन. हे काम मांडीवर ठेवून करू नका. मांडीत आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते. पिसाऱ्याखाली पऱ्हाट्यांचा चुरा ठेवा आणि फेरो रॉडवर, म्हणजे ठिणग्या पाडणाऱ्या कांडीवर, चाकूची पाठ घासा. रॉडवरचा काळा थर आधी खरवडावा लागतो. पाठ काटकोनी नसेल तर ठिणगी पडतच नाही. कानशीने ती सरळ करायला दहा मिनिटं लागतात.

कार्बन पोलादाच्या चाकूने केळीचा कोंब किंवा लिंबू कापा. चिकाने आणि आंबटाने पातं करडं-काळं पडतं. तो गंज नव्हे, उलट पुढच्या गंजाला थोडा आळा बसतो. लाल-तपकिरी पावडर दिसली तर तो गंज, लगेच पुसा. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून द्यायची सवय पावसाळ्यात नडते. चामडं ओल धरून ठेवतं. घरी परतला की चाकू बाहेर काढून पुसा. तेल लावायचंच तर खायच्या वस्तू कापणाऱ्या चाकूला मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन लावा. शेंगदाण्याचं तेल कालांतराने चिकट होतं.

धारेसाठी पायडलच्या चाकावाल्याकडे किंवा ग्राइंडरवर चाकू नेऊ नका. धारेवर निळसर झाक आली म्हणजे तापमान २९० अंशांच्या पुढे गेलं आणि तिथलं पाणी उतरलं. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. पाण्याने भिजवून वापरायचा सपाट दगड घ्या, आधी खरखरीत ४०० ग्रिटचा, मग बारीक १००० चा. कोन कळत नसेल तर कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा निम्म्यात दुमडा. साडेबावीस अंशांचा कोन मिळतो, त्याच्याहून किंचित कमी धरा. दगडावर एका बाजूला घासत राहा. विरुद्ध बाजूला धारेच्या पूर्ण लांबीत खरखर लागली की बाजू बदला. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून.

आणि हे जंगलात जायच्या आधी वाचा. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत आहेत. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. साडेचार इंची चाकू त्यात येत नाही, पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शस्त्र' या शब्दात चाकूही येतो आणि पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात तो नेता येत नाही. म्हणजे यावल अभयारण्यात नाही, पाटणादेवीला गौताळा अभयारण्याच्या हद्दीतही नाही. तिथे विस्तव पेटवायलाही मनाई आहे. सणासुदीला किंवा निवडणुकीत जिल्ह्यात पोलीस कायद्याचं कलम ३७(१) लागू असतं, तेव्हा चाकू बाळगण्यावरही बंदी येते. सगळ्या चाचण्या आपल्या शेतात, बांधावर करा. गाडीत चाकू न्यायचा तर म्यानात, बॅगेच्या तळाशी, आणि तिकडे कशासाठी चाललोय हे सांगता येईल इतक्या सामानासकट.