डीम्ड कन्व्हेयन्स झाले, मालमत्ता पत्रक मात्र अडले

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील आमच्या गृहनिर्माण संस्थेची इमारत जुनी झाली, तरी तिच्याखालची जमीन कागदोपत्री मूळ मालकाच्याच नावावर होती. महाराष्ट्र सदनिका मालकी हक्क अधिनियम, 1963 खालील नियमांनुसार, करारात वेगळी मुदत नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी दस्ताने संस्थेच्या नावे, करून द्यावे लागते. आमच्या विकासकाने ते केले नाही आणि जमीनमालकाने तर पत्रांना उत्तरही दिले नाही. अशा संस्थांसाठी 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने होणाऱ्या हस्तांतरणाची) सोय झाली. संस्थेचा सचिव या नात्याने मी त्यासाठी अर्ज केला आणि जिल्हा उपनिबंधकांकडील सुनावणी, मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय (शुल्क किती, हे ठरवून घेणे) व दस्तनोंदणी हे टप्पे अपेक्षेपेक्षा सुरळीत पार पडले. सभासदांनी पेढेही वाटले.

ते पेढे फार लवकर वाटले गेले, हे नगर भूमापन कार्यालयात कळले. मालमत्ता पत्रकावर, म्हणजे भूखंडाचा धारक आणि क्षेत्र दाखवणाऱ्या सरकारी नोंदीवर, संस्थेचे नाव चढवण्याच्या आमच्या अर्जावर 'क्षेत्र जुळत नाही' एवढाच शेरा मारून तो परत आला. बांधकामाच्या वेळी समोरच्या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी भूखंडाची एक पट्टी महापालिकेकडे गेली होती. मंजूर नकाशात आणि म्हणून मानीव अभिहस्तांतरणाच्या आदेशातही ती वगळलेली होती, पत्रकावर मात्र मूळ क्षेत्र जसेच्या तसे होते. त्या पट्टीचे पत्रक आधी वेगळे करून आणा, असे आम्हाला सांगण्यात आले. ते कोणी करायचे, असे विचारल्यावर लिपिकाने पत्रक माझ्याकडे वळवले आणि धारकाच्या नावावर बोट ठेवले. "अर्ज यांचा लागेल, साहेब."

ज्या मालकाने सही दिली नाही म्हणून कायद्याने त्याच्या सहीशिवाय आम्हाला जमीन दिली, त्याचीच सही आता पुन्हा हवी होती. नोंदणीकृत दस्त समोर असताना हा आग्रह कशासाठी, याचे उत्तर मला तिथे कोणी दिले नाही. संबंधित अधिकारी कधी मोजणीला, तर कधी बैठकीला गेलेले असत, आणि भेटले की नव्या कागदाची मागणी होत असे. त्या बाकावर बसून माझा संयम पार संपला, हे लपवण्यात अर्थ नाही.

तोडगा निघाला तो महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागातील जुन्या नस्तीतून (फाइलमधून). माहितीच्या अधिकारात तिची पाहणी केली, तेव्हा रस्त्याच्या जागेची ताबा पावती क्षेत्रासह सापडली. तिची प्रमाणित प्रत, वास्तुविशारदाचा क्षेत्र दाखला आणि मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश जोडून आम्ही संस्थेच्याच नावाने मोजणीचा अर्ज केला आणि तो स्वीकारला जात नसेल तर कारण लेखी द्यावे, असे त्यातच नमूद केले. मग तो स्वीकारला गेला. मोजणीनंतर क्षेत्र दुरुस्त झाले आणि फेरफारात (धारक बदलल्याच्या नोंदीत) नवीन धारक म्हणून संस्थेचे नाव लागले. त्या नोंदीखालचे साक्षांकन मी दोनदा वाचून पाहिले.

एवढा अट्टहास कशासाठी, असे काही सभासद विचारत. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, 2034 नुसार उपनगरात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) 1.00 आहे आणि पुनर्विकासाचा सगळा हिशेब भूखंडाच्या क्षेत्रापासून सुरू होतो. क्षेत्राच्या वादाचा फटका शेवटी प्रत्येक सदनिकाधारकाला मिळणाऱ्या वाढीव जागेला बसतो. म्हणून मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करण्यापूर्वीच मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा आणि सदनिकेचा करार यांतील क्षेत्रे शेजारी मांडून पाहावीत. तफावत आढळली तर तिचे कारण आदेशातच नमूद करून घ्यावे, आमच्या आदेशात ते नव्हते.

जुन्या इमारतीत सदनिका विकत घेणाऱ्यांनीही सचिवांकडे मालमत्ता पत्रक आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. टाळाटाळ झाली तर किंमत ठरवताना ती लक्षात घ्यावी. शिवाय नगर भूमापन क्रमांकावरून महापालिकेकडून विकास आराखड्याचा अभिप्राय घेता येतो. भूखंडावर आरक्षण आहे का आणि रस्तारेषा कुठून जाते, हे त्यात दिसते. आम्ही तो मोजणीच्या वेळी काढला, खरे तर अगदी सुरुवातीलाच काढायला हवा.