तानपुऱ्याची जवारी आणि माझं लिनक्स

तानपुरा मोबाइलवर रेकॉर्ड केला किंवा व्हिडिओ कॉलवर ऐकवला, की बऱ्याचदा सगळ्यात आधी जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला झंकार, जाते. आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनवलेलं असतं. बोलणं तुटक असतं, चढतं-उतरतं. पंखा किंवा पाण्याची मोटार एकसारखी चालू राहते. म्हणून जे एकसारखं चालू राहतं तो गोंगाट, असा त्या सॉफ्टवेअरचा हिशेब. आणि तानपुरा तर एकसारखा चालू राहण्यासाठीच असतो! सुरुवातीला तारा नीट ऐकू येतात, मग सॉफ्टवेअर त्यांना गोंगाट ठरवतं आणि हळूहळू दाबून टाकतं.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, गाणं शिकवते. मिरजेतले एक सतारमेकर ओळखीचे आहेत, त्यांना मी चाचा म्हणते. त्यांची गिऱ्हाइकं हल्ली परदेशातलीही असतात. तिथला माणूस मिरजेला येऊन वाद्य छेडून बघू शकत नाही, आवाज ऐकूनच ऑर्डर देतो. चाचांनी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग मला ऐकवलं आणि म्हणाले, "ताई, तार ऐकू येतीया, पण जवारी कुठाय?" घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिचा, माथा घासून-घासून, तारेखालचं सूत केसभर पुढे-मागे सरकवून जो आवाज त्यांनी उघडला होता, नेमका तोच गिऱ्हाइकापर्यंत पोचत नव्हता. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हां सगळ्यांना अभिमान आहे. पण ज्या आवाजासाठी हे नाव झालं, तो आवाज तरी धड ऐकवता आला पाहिजे. म्हणून त्यांची वाद्यं आता मी रेकॉर्ड करून देते, तेही लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर.

लॅपटॉप जुना थिंकपॅड आहे, त्यावर डेबियन १२ हा लिनक्सचा एक प्रकार. जोडीला माइक लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि दोन कंडेन्सर माइक. इंटरफेस घेताना एक गोष्ट जरूर विचारा: तो 'क्लास कम्प्लायंट', म्हणजे यूएसबीच्या ठरलेल्या पद्धतीने चालणारा, आहे का? असेल तर वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आवाजाचं खातं अल्साकडे असतं आणि त्यात यूएसबी ऑडिओचा ड्रायव्हर आधीपासून असतो. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा, हबमधून नको.

अल्साच्या वर असतं पाइपवायर, कुठला आवाज कुठे जायचा ते बघणारं. पूर्वी रोजच्या वापराला पल्सऑडिओ आणि संगीताच्या कामाला जॅक, असा वेगवेगळा संसार होता. एकाने कार्ड धरलं की दुसरा अडून बसायचा. विम टायमन्स यांनी सुरू केलेल्या पाइपवायरने दोन्ही कामं एका ठिकाणी आणली. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून ते घेतलं, डेबियन १२ च्या ग्नोम या डेस्कटॉपमध्येही तेच येतं. जॅकसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालवायला 'पाइपवायर-जॅक' हे पॅकेज टाकून ते 'पीडब्ल्यू-जॅक' या कमांडने सुरू करावे लागतात. मी रेकॉर्डिंग आर्डोर या प्रोग्रॅममध्ये करते. ते ज्यांनी सुरू केलं ते पॉल डेव्हिस, आणि जॅकही मुळात त्यांचंच.

आता कामाचं सेटिंग. 'पाव्हूकंट्रोल' हा आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्रॅम उघडून कॉन्फिगरेशनमध्ये इंटरफेससमोर 'प्रो ऑडिओ' प्रोफाइल निवडा. दोन माइक दोन वेगळ्या चॅनेलवर जसेच्या तसे येतात. मग 'क्यूपीडब्ल्यूग्राफ' उघडा. पडद्यावर चौकोन दिसतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. माइकपासून निघालेली रेघ थेट आर्डोरला जाऊन मिळते, मध्ये कोणी नाही. लिनक्सवर माझा जीव आहे तो यासाठी. पाइपवायरकडेही प्रतिध्वनी काढणारं मॉड्यूल आहे, पण आपण बसवल्याशिवाय ते सुरू होत नाही. ब्राउझर मात्र आपली सफाई स्वतःच करतो, तेव्हा ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्यांनी ॲपच्या सेटिंगमध्ये मूळ आवाजाचा किंवा संगीताचा पर्याय असेल तर तो आधी चालू करावा.

लेटन्सीची, म्हणजे आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंतच्या उशिराची, काळजी बरेच जण उगाच करतात. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल रेट) घेतले आणि एका वेळी १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा (बफर) ठेवला, तर उशीर साधारण २१ मिलिसेकंद. नुसता तानपुरा रेकॉर्ड करायला त्याने काहीच बिघडत नाही, उलट आवाज तुटत नाही. विद्यार्थी हेडफोनवर स्वतःचा आवाज ऐकत गाणार असेल तरच मी बफर १२८ वर आणते. तो झाला पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत. 'पीडब्ल्यू-टॉप' ही पाइपवायरची कमांड चालू ठेवली की त्यातल्या 'ईआरआर' रकान्यात कुठे खंड पडला ते कळतं.

खरी मेहनत लॅपटॉपच्या बाहेर आहे. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तानपुरा असेल तर त्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालची तार, सुमारे ६९ हर्ट्झला लागतो. बऱ्याच माइकवर लो-कटचं बटण असतं आणि ते ७५–८० हर्ट्झच्या खालचं कमी करतं. म्हणजे खर्जाच्या मुळावरच घाव. ते बटण बंदच पाहिजे. पण ते बंद केलं की विजेची ५० हर्ट्झची घरघर आत यायला वाट मोकळी होते, त्यामुळे ती उगमापाशीच थांबवावी लागते. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला अर्थिंग असेलच असं नाही. मी चार्जर काढून ठेवते आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवते, घरघर बहुतेक वेळा तिथेच थांबते. एक माइक घोडीपासून साधारण दीड फुटावर, किंचित वरून. दुसरा दांडीच्या बाजूला, थोडा लांब. भोपळ्याच्या अगदी जवळ नेला तर आवाज नुसता घुमतो. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते, असा ठेवते की सगळ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. २४ बिटमध्ये त्याहून वर ढकलायची गरज नसते.

एकच तानपुरा मोबाइलवर आणि या सेटिंगवर घेऊन दोन्ही फाइली मी आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या 'सॉनिक व्हिज्युअलायझर'मध्ये शेजारी उघडल्या. आमच्या फाइलीत एकावर एक स्वरांशांच्या, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुरांच्या, रेघा, पंचम छेडल्यावर वरच्या रेघा एकेक करून उजळतात आणि पुढची तार वाजेपर्यंत टिकतात. मोबाइलच्या फाइलीत वरचा भाग थोड्याच वेळात काळा. चाचांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "ही वरची रेघ म्हणजे सूत सरकवल्यावर येतो तो?" तोच. आता जवारी लावताना मधेच ते मला ऐकवायला सांगतात, एका बाजूला सूत थोडं सरकवतात आणि वरच्या रेघा कुठे जातात ते बघतात. निर्णय अर्थात त्यांचा कानच करतो.

फाइल पाठवताना फ्लॅक या प्रकारात काढते, वेव्ह फाइलीपेक्षा आकार बराच कमी आणि आवाजात काही गळत नाही. व्हॉट्सॲपवर जाणार असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडते. नावात सूर आणि पहिली तार लिहिते, 'काळी एक, पंचम', म्हणजे गिऱ्हाइकाला दोन वाद्यं शेजारी लावून ऐकता येतात. सांगली-मिरजेतल्या कुणा कारागिराला किंवा गाणाऱ्याला ही जुळणी करायची असेल तर कळवा, लॅपटॉप घेऊन येते.