बांधाच्या दोन्ही बाजूंना: आईसोबत डोव्हर ते पॅरिस

इंग्लंडच्या डोव्हर बंदराजवळ सेंट मार्गारेट्स बे म्हणून एक छोटंसं ठिकाण आहे, पांढऱ्या कड्यांच्या अगदी पायथ्याशी. संध्याकाळी तिथे समुद्राकडे बघत उभे होतो आणि आईचा फोन वाजला, मेसेज काय तर फ्रान्समध्ये तुमचं स्वागत आहे, आणि घड्याळ पण एक तास पुढे गेलेलं! आई घाबरली, "अगं आपला व्हिसा उद्यापासूनचा आहे ना?" तिथे पलीकडचं फ्रेंच नेटवर्क जास्त जोरात येतं, एवढंच. हवा स्वच्छ असेल तर पलीकडचा किनारा दिसतो सुद्धा, सगळ्यात अरुंद जागी मधलं पाणी जेमतेम 33-34 किमी आहे. या पाण्याला इंग्रज म्हणतात इंग्लिश चॅनल. फ्रेंच लोक म्हणतात ला मांश, म्हणजे बाही, सदऱ्याची असते ती. इंग्लिश हा शब्द त्यांनी नावात येऊच दिलेला नाही.

सांगलीहून आई तीन महिन्यांसाठी आलीये आणि तिला पॅरिस दाखवायचं हे ठरलेलंच होतं. पण मला बोटीनेच जायचं होतं. लंडनमध्ये राहून सहा वर्षांत इंग्रजांच्या तोंडून फ्रेंचांबद्दल इतकं ऐकलंय, संपकरी, गर्विष्ठ, लसूणखाऊ, बेडूकखाऊ, की हे पाणी एकदा हळूहळू ओलांडून बघायचं मनात होतं.

गंमत बंदरातच सुरू होते. पाय अजून इंग्लंडच्या जमिनीवर आणि पासपोर्ट तपासणारा पोलीस फ्रेंच. दोन्ही देशांचा तसा करारच आहे. बोटीत दीड तास जातो. आमच्या शेजारच्या टेबलावर एक इंग्रज आजोबा चहा घेऊन बसले होते, आईने त्यांना घरची चकली दिली आणि मग ते बोलतच सुटले. फ्रेंच वेटर मुद्दाम इंग्रजी येत नाही असं दाखवतात, दुपारी दोन दोन तास जेवतात, आणि सुट्टीच्या तोंडावर हमखास संप करतात. मी विचारलं मग तुम्ही कशाला जाताय, तर म्हणाले चीज आणायला, गेली तीस वर्षं जातोय! बेडकांचा विषय निघाला तेव्हा मी त्यांना सांगितलं की 2013 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोनहेंजजवळच्या उत्खननात भाजलेल्या बेडकाच्या तंगडीचं हाड मिळालं होतं, आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे बेडूक खाण्यात सुद्धा इंग्लंडच पुढे निघालं. आजोबा इतके खूश झाले की बायकोला फोन करून सांगितलं.

कॅले हे पलीकडचं फ्रेंच बंदर, पण तिथे लोक थांबत नाहीत, बोटीतून उतरले की थेट पॅरिसच्या रस्त्याला लागतात. मला हे गाव फार आवडलं, एक दिवस द्याच. 1347 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने अकरा महिने वेढा घालून हे गाव घेतलं आणि ते 1558 पर्यंत, दोनशे अकरा वर्षं, इंग्रजांकडे होतं. शहर वाचवायला सहा नागरिक गळ्यात दोर अडकवून, हातात किल्ल्या घेऊन मरायच्या तयारीने राजासमोर गेले, राणी फिलिपाने गयावया करून त्यांना सोडवलं अशी हकिगत आहे. शिल्पकार रोदँने केलेला त्या सहा जणांचा पुतळा नगरपालिकेच्या इमारतीसमोर आहे. फार जड पुतळा आहे हो, हातपाय केवढे मोठे, चेहऱ्यावर भीती आणि तरी चालत निघालेत. आई कितीतरी वेळ तिथून हललीच नाही. आणि याच पुतळ्याची एक प्रत कुठे असेल, तर लंडनला, पार्लमेंटच्या शेजारच्या बागेत! ज्यांनी वेढा घातला त्यांनीच ती विकत घेऊन लावली.

तिथून जवळच नोत्र दाम चर्च आहे, बरंचसं इंग्रजांच्या काळात त्यांच्या पद्धतीने बांधलेलं. याच चर्चमध्ये 1921 मध्ये द गॉल यांचं, म्हणजे पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले त्यांचं, लग्न झालं. हेच द गॉल महायुद्धात लंडनमध्ये राहून लढले, तिथल्याच रेडिओवरून फ्रेंचांना हाक दिली, तारीख 18 जून 1940, म्हणजे इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं त्या वॉटर्लूच्या लढाईचा नेमका दिवस. आणि पुढे 1963 ला आणि 1967 ला, दोनदा, ब्रिटनला युरोपच्या सामायिक बाजारात घ्यायला नाही म्हणाले.

हे सगळं मी आईला जेवताना सांगत होते. 1066 मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यमच इंग्लंडचा राजा झाला, मग पिढ्यान् पिढ्या तिथल्या दरबारात फ्रेंच बोलायचे, मग 1340 मध्ये एडवर्डने फ्रान्सची गादी माझीच म्हणून दावा लावला आणि फ्रान्सचा राजा ही पदवी इंग्लंडच्या राजांनी 1801 पर्यंत नावापुढे ठेवली. आई म्हणाली, "म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव काही काढलं नाही. अगं ही तर भावकी आहे, मधे नुसता पाण्याचा बांध." मी इतकी पुस्तकं वाचली पण इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं.

त्या खानावळीच्या मालकीणबाई पन्नाशीच्या, मोकळ्या स्वभावाच्या. म्हणाल्या इंग्रज रांग सुंदर लावतात पण जेवण त्यांना कळत नाही, मांस उकळून उकळून मारतात. तिकडे इंग्रजांना चक्क रोसबीफ, म्हणजे रोस्ट बीफ, म्हणतात. आणि त्याच बाईंनी गोड म्हणून काय आणलं, तर पातळ पिवळ्या सॉसवर तरंगणारा अंड्याच्या फेसाचा गोळा. आईने एक चमचा खाऊन म्हटलं, "हे तर कस्टर्ड!" फ्रेंचमध्ये त्या सॉसचं नावच क्रेम आंग्लेज, इंग्लिश क्रीम. आणि सोबतच्या प्लेटमध्ये होती आपली फरसबी. हा आपला शब्द इंग्रजांच्या फ्रेंच बीन्सवरून आला, खुद्द फ्रेंच लोक तिला नुसतं हिरव्या शेंगा म्हणतात. निरोप न घेता सटकणाऱ्याला इंग्रज म्हणतात फ्रेंच लीव्ह घेतली, आणि फ्रेंच म्हणतात इंग्रजासारखा निसटला. वाईट सवय नेहमी बांधापलीकडच्याची!

पॅरिसचं मी फार सांगत नाही, आयफेलचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. स्टेशनांचं मात्र सांगते. पॅरिसला एका मोठ्या स्टेशनाचं नाव ऑस्टरलिट्झ, नेपोलियनच्या विजयाचं. लंडनला वॉटर्लू, त्याच्या पराभवाचं. आणि 1994 पासून 2007 पर्यंत पॅरिसहून समुद्राखालच्या बोगद्यातून येणारी युरोस्टार रेल्वे थेट वॉटर्लूलाच थांबायची! 1998 मध्ये पॅरिसच्या एका नगरसेवकाने ब्रिटनच्या पंतप्रधानांना पत्र लिहून स्टेशनाचं नाव बदला अशी मागणी पण केली होती.

मला बघायची होती ती पॅरिसची रेखावृत्ताची रेषा. 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत शून्य रेखावृत्त लंडनच्या ग्रीनिचला ठरलं तेव्हा फ्रान्स तटस्थ राहिला आणि पुढे सत्तावीस वर्षं पॅरिसचीच वेळ चालवली. शेवटी मार्च 1911 मध्ये कायदा केला, त्यात काय लिहिलं, तर फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ वजा 9 मिनिटं 21 सेकंद. म्हणजे झाली ग्रीनिचचीच, पण ग्रीनिच हे नाव कायद्यात नाही! त्या जुन्या रेषेवर शहरभर अरागो या शास्त्रज्ञाच्या नावाच्या छोट्या कांस्याच्या चकत्या जमिनीत बसवल्यात, तळहाताएवढ्या. लक्झेंबर्ग बागेत आईनेच पहिली शोधली.

तिथे बाकावर बसून तिला दुसरी एक गोष्ट सांगितली, आपल्याकडची. 8 जुलै 1910 ला सावरकरांनी फ्रान्समधल्या मार्सेयच्या बंदरात बोटीतून उडी मारली, किनारा गाठला, फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं. मग फ्रान्सने आमच्या भूमीवरून नेलेला माणूस परत द्या म्हणून भांडण मांडलं, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं, आणि फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला. घड्याळाचा कायदा त्याच्या पुढच्याच महिन्यातला. आई गप्प झाली. तो निकाल फ्रान्सच्या बाजूने लागला असता तर, हा विचार आम्हा दोघींच्या मनात एकदमच आला असणार.

परत येताना युरोस्टारने आलो. गार द्यू नोर स्टेशनात आधी फ्रेंच पोलीस आणि मग चार पावलांवर ब्रिटिश अधिकारी, भर पॅरिसमध्ये. आमच्या पुढे एक इंग्रज बाई होत्या, हातात नवा निळा पासपोर्ट. ब्रेक्झिट ठरल्यावर तो छापायचं कंत्राट एका फ्रेंच-डच कंपनीला गेलं तेव्हा लंडनच्या पेपरांत केवढा गदारोळ झाला होता. मी आईला त्यावरचं सोनेरी राजचिन्ह दाखवलं, सिंह, युनिकॉर्न, आणि खाली ब्रिटनच्या राजाचं ब्रीदवाक्य, दिय ए मों द्र्वा. आईने विचारलं हे इंग्लिशमध्ये काय लिहिलंय. मी म्हटलं आई, ते फ्रेंच आहे.