तुम्ही विचारलंत म्हणून: एका गाठीत दोन लिम्फोमा?

'मॅडम, सॅम्पल बदललं तर नाही ना?' रिपोर्टवर दोन लिम्फोमांची (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची) नावं दिसली की नातेवाईक हमखास हेच विचारतात. शंका रास्त आहे. पॅथॉलॉजिस्ट म्हणून ती आधी मलाच येते. ब्लॉकचा (गाठीचा तुकडा मेणात बसवलेल्या ठोकळ्याचा) नंबर ताडून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पण असं होतं. एकाच गाठीत दोन वेगळे लिम्फोमा निघाले, तर त्याला कॉम्पोझिट लिम्फोमा म्हणतात. दुर्मीळ खराच. त्यात एक निदान हाती लागलं की आमची नजर विसावते, म्हणून एखादा निसटतही असेल.

माझीही विसावली होती. साठीचे गृहस्थ, मानेतली गाठ. स्लाइडवर गोल गोल पुंजके, सीडी२०, सीडी१० आणि बीसीएल२ हे मार्कर (पेशीची ओळख पटवणारी प्रथिनं) पॉझिटिव्ह. सरळसरळ फॉलिक्युलर लिम्फोमा. रिपोर्ट लिहायला घेतलाच होता. पण स्लाइडच्या एका कडेला पुंजके संपले होते. तिथे इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पसरलेले आणि मधूनमधून घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रकं असलेली भली मोठी पेशी. रीड-स्टर्नबर्ग, हॉजकिन लिम्फोमाची खूण असलेली पेशी!

अशा एखाद-दुसऱ्या पेशीवरून मी हॉजकिन म्हणत नाही. इतर लिम्फोमांतही तिचे तोतये हिंडत असतात. आजूबाजूची सगळी वस्तीच बदललेली दिसायला हवी. इथे ती बदलली होती. मार्कर लावले: त्या मोठ्या पेशींत सीडी३० आणि सीडी१५ पॉझिटिव्ह, सीडी२० निगेटिव्ह. रिपोर्ट चार दिवस लांबला तो यामुळे.

दोन्ही भाग वेगवेगळे काढून जनुकांची तपासणी केली, तर कधी दोघे एकाच बी-पेशीचे (हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार) वंशज निघतात, कधी एकमेकांना परके.

सुईच्या तपासणीवर भागवू नका, शक्य असेल तर अख्खी गाठ काढून पाठवा, असा माझा हट्ट असतो तो याचसाठी. सुईतून पेशी येतात, गाठीची रचना येत नाही. शिवाय सुई ज्या भागात शिरली तेवढाच आजार कागदावर उतरतो. (आपल्याकडे मानेची गाठ म्हटली की आधी टीबीच आठवतो, ते आणखी वेगळं दुखणं.)

त्या गृहस्थांच्या मुलाला मी मायक्रोस्कोपसमोर बसवून दोन्ही भाग दाखवले. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, 'मग आता बाबांना केमोपण दोन-दोन का?'

ते ऑन्कॉलॉजिस्टना विचारा, म्हटलं.